कापसाच्या वाटेनं अमेरिका

माझं आयुष्य कापूस बघण्यात गेलं. कापसाच्या सरकारी एकाधिकार खरेदीच्या काळात मी जालना जिल्ह्यातल्या केंद्रांवर ग्रेडर होतो. गाडीत खोलवर हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणून लांबी बघायची. कवडी किती, पाला किती, ओल किती याचा अंदाज घ्यायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडं न बघता प्रत सांगून टाकायची. निवृत्तीनंतर मुलानं जुना लॅपटॉप दिला. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या नावानं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलीत, हे कुठंतरी वाचलं होतं. यादवी युद्धाच्या काळातले कापसाचे भाव बघावेत म्हणून आत गेलो आणि तिथंच मुक्काम पडला.

लोक विचारतात, जालन्यात बसून अमेरिकेचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वाचून करायचंय काय? आणि तो वाचायचा तरी कसा? पहिल्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. दुसऱ्यासाठी हे काही बोल. क्रम माझ्या सोयीचा आहे.

१. आत शिरताना एक वस्तू धरावी.

हे संग्रह अफाट आहेत. ‘अमेरिकेचं यादवी युद्ध’ म्हणून शोधलं तर पानांचा डोंगर अंगावर येतो आणि माणूस दोन दिवसांत लॅपटॉप मिटतो. आपल्या धंद्यातली, शेतातली, घरातली एखादी वस्तू धरली की तीच रस्ता दाखवते. मी कापूस धरला. कुणी मका धरावा, कुणी शिवणयंत्र, कुणी घासलेटचा डबा. अमेरिकेत विहिरीतून निघालेलं तेल पत्र्याच्या डब्यांत भरून आपल्या खेड्यांपर्यंत पोचलं आणि त्या रिकाम्या डब्यांनी पुढं कितीतरी वर्षं पाणी वाहिलं. त्या डब्याच्या मागं गेलात तर रॉकफेलर आपोआप भेटतो. आधी रॉकफेलर वाचायला घेतला तर डबा कधीच भेटत नाही.

२. नावं त्यांच्या स्पेलिंगानं शोधावीत.

अमेरिकन वर्तमानपत्रांत ‘इंडियन’ शोधलं की स्यू, अपाची, चेरोकी यांच्या बातम्या येतात. नाहीतर ‘इंडियन कॉर्न’ म्हणजे मका. आपली माणसं तिथं ‘हिंदू’ या नावाखाली सापडतात, आणि त्या स्पेलिंगात शेवटी बहुतेकदा यू नसतो, दोन ओ असतात. धर्माशी त्याचा संबंध नाही. १९१० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्या पंजाबी शिखालाही ते वर्तमानपत्र ‘हिंदू’च म्हणतं. जालना हवं असेल तर जे-ए-यू-एल-एन-ए-एच असं टाकून बघा. इथं छावणी होती, त्या काळातल्या इंग्रजी कागदांत ते रूप भेटतं. अमरावतीची सुरुवात दोन ओंनी होते. आनंदीबाई जोशी बहुतेक ठिकाणी ‘आनंदाबाई’ आहेत आणि आडनावाच्या शेवटी दोन ई आहेत. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, तो समारंभ हवा असेल तर ते दोन ई लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

वर यंत्राच्या वाचनाचा घोळ असतोच. ही पानं मायक्रोफिल्मवरून घेतलेली आहेत, शाई पसरलेली असते, आणि यंत्राला ‘सी’ आणि ‘ई’ यांत फार फरक वाटत नाही. म्हणून एकाच नावाची चार-पाच रूपं कागदावर लिहून मगच बसावं.

३. भावाचा तक्ता बातमीच्या आधी वाचावा.

पहिल्या पानावरच्या लढाया सगळेच वाचतात. मी आतल्या पानावरचा बाजारभाव आधी उघडतो, सवयच तशी. १८६१ च्या एप्रिलमध्ये फोर्ट समटरवर तोफा डागल्या जाऊन यादवी युद्ध पेटलं, लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, आणि कापूस अडकला. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेतून येत होता. बोटीनं आलेल्या लिव्हरपूल बाजाराच्या बातम्या उत्तरेची वर्तमानपत्रं छापत. ‘ऑर्लिन्स’, ‘अपलँड’ आणि त्यांच्या खाली, दोन पायऱ्या उतरून, ‘सुरत’. सुरत म्हणजे हिंदुस्थानातला सगळाच कापूस, मग तो खानदेशचा असो की वऱ्हाडचा. चांगल्या अमेरिकन कापसाचा भाव युद्धाआधी पौंडाला ७-८ पेन्सच्या घरात होता. १८६४ मध्ये तो २५ पेन्सच्या पुढं गेला. आपला कापूस त्याच्या मागं फरफटत वर चढला.

तो खालच्या पायरीवर का होता, हे ग्रेडरला सांगावं लागत नाही. गावरान कापसाचा धागा आखूड, आणि लँकेशायरची यंत्रं अमेरिकेच्या लांब धाग्यासाठी जुळवलेली. पण त्यात आपल्या करामतीही होत्या. गाठीत सरकी, माती, पाणी, जुना कापूस. भाव चढले तशी भेसळ चढली, इतकी की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करून कापूस-निरीक्षक नेमावे लागले. म्हणजे माझ्या नोकरीचा मूळपुरुष अमेरिकेतल्या युद्धानं जन्माला घातला. हे कळल्यावर मला उगीचच भारदस्त वाटलं होतं.

मग ९ एप्रिल १८६५. व्हर्जिनियात दक्षिणेचा जनरल ली शरण गेला. अमेरिकन वर्तमानपत्रांत त्या दिवसांत नुसता जल्लोष आहे, आणि लगेच लिंकनच्या खुनाचा काळा शोक. मुंबईत त्याच बातमीनं कापूस कोसळला. बॅक बे भराव कंपनीचे हवेत गेलेले शेअर खाली आले, १ जुलै १८६५ ला वायद्यांची देणी फिटेनात, प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजा बुडाला. एका बाजूचे चार दशलक्ष गुलाम मोकळे होण्याची बातमी दुसऱ्या बाजूला दिवाळखोरीची बातमी होती. हे दोन्ही तक्ते समोरासमोर ठेवल्याशिवाय दिसत नाही.

जाता जाता: न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेनं मुंबईला येत आणि त्यांच्यावर पैज लागे. त्यातूनच आकडा, म्हणजे मटका, जन्मला. आमच्या मोंढ्यामागं चिठ्ठी लावणाऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “साहेब, मग न्यूयॉर्कवाल्यांकडं ओपन विचारून देता का?”

४. दहा वर्तमानपत्रांत आलेली बातमी दहा साक्षीदारांची नसते.

त्या काळी अमेरिकेत संपादकांनी एकमेकांना अंक पाठवायला टपालखर्च लागत नसे. १७९२ च्या टपाल कायद्यानंच ती सोय दिली होती. मग काय, कात्री आणि गोंद. न्यूयॉर्कची बातमी ओहायोत, ओहायोची कॅन्ससमध्ये. मूळ नाव कधी लिहिलेलं, कधी नाही. हिंदुस्थानातल्या दुष्काळाची, सतीची, वाघाची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते आणि दर गावात तिला थोडी फोडणी बसते. तारखा लावून सर्वांत जुना अंक शोधावा आणि तोच धरावा. तारखांवरून आठवलं, तिकडं महिना आधी येतो. ४/७ म्हणजे एप्रिलची सात.

५. आपल्या गावचा माणूस शोधावा. सापडला की त्या वर्षाच्या सगळ्या खिडक्या उघडाव्यात.

जालन्याचा अमेरिकेशी संबंध काय, असं मला कुणी विचारलं की मी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचं नाव घेतो. जुन्या मुंबईच्या इतिहासात हे आडनाव एका वादामुळं ठाऊक असतं. १८४३ मध्ये नारायण ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत कोर्टामार्फत घरी परत आला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी विरोध पत्करून त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायला लावलं. श्रीपतची गोष्ट सगळे सांगतात. नारायणचं पुढं काय झालं? ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी झाले, जालन्याला आले आणि दिवाण सर सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. मांग-महार कुटुंबं तिथं राहायला आली.

हाच माणूस १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला होता. इव्हँजेलिकल अलायन्स नावाच्या प्रोटेस्टंट संघटनेची जागतिक परिषद २ ते १२ ऑक्टोबरला तिथं भरली. खरं तर ती १८७० मध्येच व्हायची होती, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध मध्ये आलं. तिचा जाडजूड अहवाल हार्पर अँड ब्रदर्सनं १८७४ मध्ये छापला. विवेकानंद शिकागोला बोलले त्याच्या वीस वर्षं आधी जालन्याहून गेलेला एक मराठी माणूस न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर होता. आमच्या शहरात हे किती जणांना माहीत असेल, देव जाणे.

एवढ्यावर थांबलो असतो तर ते गावाभिमानाचं टिपण झालं असतं. पण वर्तमानपत्राच्या पानाचा फायदा हा की शेजारचे स्तंभ झाकता येत नाहीत. १८ सप्टेंबर १८७३ ला जे कुक अँड कंपनी ही मोठी पेढी बुडाली होती, न्यूयॉर्कचा शेअरबाजार दहा दिवस बंद राहिला होता, रेल्वे कंपन्या कोसळत होत्या. बिशप, प्राध्यापक आणि पुढाऱ्यांची ही परिषद त्या घबराटीत भरली. तिकडं पुण्यात २४ सप्टेंबरला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचं ‘गुलामगिरी’ निघालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली.

आता त्याच वर्षीची लुइझियानाची वर्तमानपत्रं उघडा. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार, कोलफॅक्स नावाचं गाव. निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या टोळीनं कचेरीत आश्रय घेतलेल्या काळ्या माणसांवर हल्ला केला. मेलेल्यांचे आकडे ६० पासून १५० पर्यंत सांगितले जातात. बरेच जण शरण आल्यावर मारले गेले. तिथल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत ती दंगल आहे आणि चूक काळ्यांची आहे. ज्यांना शिक्षा झाली ते १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सुटले.

हे वाचून एका परिचितानं लगेच निष्कर्ष काढला की फुले भाबडे होते. मला हे अजिबात पटत नाही. फुल्यांनी अर्पणपत्रिका अमेरिकेच्या सरकारला किंवा समाजाला सरसकट लिहिलेली नाही, लढलेल्यांना लिहिलीय. गुलामीचा कायदा गेला तरी गुलामीचे मालक जात नाहीत, हे पुण्यात बसलेल्या फुल्यांना ब्राह्मणांच्या संदर्भात पक्कं ठाऊक होतं. सारं पुस्तकच त्यावर आहे. कोलफॅक्सची बातमी त्यांच्या म्हणण्याला पुरावा ठरते.

६. ज्याच्या पैशानं कागद छापला, त्याचं नाव आधी बघावं.

मिशनच्या कागदांना हे फार लागू पडतं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशननं तिथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंची नगरची मुलींची शाळा फुल्यांनी पाहिली होती. या मिशनची पत्रं बोस्टनच्या ‘मिशनरी हेरल्ड’मध्ये महिनोन्‌महिने छापून यायची आणि ते अंक आज इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात. आपल्या गावांची, पिकांची, पटकीच्या साथीची बारीक माहिती त्यात मिळते. पण वाचणारा वर्गणीदार आहे हे लिहिणारा कधी विसरत नाही. अंधार जरा जास्त गडद असतो आणि उजेड जरा लवकर पडतो. पाऊसपाणी, भाव, रस्ते याबद्दल मी त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, माणसांच्या मनाबद्दल नाही.

१९०० च्या दुष्काळातही तसंच. मे महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ ही बोट सुमारे ५,००० टन मका घेऊन मुंबईकडं निघाली. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकानं देणग्या गोळा केल्या होत्या. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम मदत समितीचं काम बघत होते. मका खरा, भूक खरी, आणि साप्ताहिकाचा खप वाढणंही खरं.

७. नावं नसलेला कागद हळू वाचावा.

या बोलाला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो.

१८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. मूळ कागद राष्ट्रीय अभिलेखागाराचे, आणि फॅमिलीसर्च या साइटवर फुकट खातं उघडून पानन्‌पान बघता येतं. मिसिसिपी नदीकाठची इसाक्वेना काउंटी घ्या. तिथं शंभरातली नव्वदहून जास्त माणसं गुलाम होती. पानावर मालकाचं नाव वळणदार अक्षरात. त्याच्या खाली ओळी. प्रत्येक ओळीत वय, लिंग, रंगाचं एक अक्षर: ‘बी’ म्हणजे काळा, ‘एम’ म्हणजे मिश्र. बस्स. नाव नाही. तान्ह्या बाळाचं वय बारा छेद असलेल्या अपूर्णांकात, म्हणजे सहा महिन्यांचं मूल सहा-बारांश. कडेला पळून गेलेल्यांचा एक रकाना आणि गुलामांच्या घरांची संख्या. खूप वेळ बघितल्यावर ओळींमधून कुटुंबं जुळवायचा मोह होतो. चाळिशीची बाई, खाली वीस, अठरा, सोळा. पण ओळी बऱ्याचदा वयानुसार उतरत्या क्रमानं मांडलेल्या असतात, नात्यानं नाही. तो मोह आवरावा.

दुसरा कागद मळ्याच्या हिशेबाचा. थॉमस अफ्लेक नावाच्या गृहस्थानं १८४० च्या दशकाच्या अखेरीस कापूस मळेवाल्यांसाठी छापील हिशेबवही काढली. तिची भरलेली पानं दक्षिणेतल्या विद्यापीठांनी स्कॅन करून ठेवलीत. त्यात वेचणीचं एक पान असतं. डाव्या कडेला नावं, वर सोमवार ते शनिवार, आणि प्रत्येक चौकोनात त्या माणसानं त्या दिवशी वेचलेला कापूस, पौंडांत. शेवटी आठवड्याची बेरीज. माझ्या पोटात कालवलं, कारण हे पान मी ओळखत होतो. आमच्याकडं वेचणी किलोवर असते. संध्याकाळी बांधावर तीन काठ्यांचा घोडा उभा करून काटा टांगतात, गाठोडी तोलतात आणि मुकादम किंवा मालकाचं पोरगं वहीत हेच रकाने ओढतं.

बदनापूरच्या बाजूला एका नातेवाइकाच्या शेतात वेचणी चालू होती, तेव्हा मी मोबाइलवर ते पान तिथल्या बायांना दाखवलं आणि आकडे वाचले. त्यांतल्या एका पोक्त बाईंनी नावं विचारली. मी वाचली. त्या म्हणाल्या, “भाऊ, समद्यांची नावंच हायत, आडनाव कुनाचंच न्हाई.” मी गुलामीचं थोडं सांगितलं. त्यांनी ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला, बोट पुसलं आणि स्क्रीनवर शेवटच्या रकान्याशी ठेवलं. “आन् मजुरी कुठं लिवलीय?”

इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्या वहीवर ग्रंथ लिहिलेत, मी त्यातले थोडे वाचलेही. पण ग्रेडर म्हणून इतकी वर्षं कापूस हाती घेतला, तेव्हा हा प्रश्न मला कधी पडला नव्हता हेही खरं. आमच्या फॉर्मवर शेतकऱ्याचं नाव असे, वेचणाऱ्यांचं नसे.

८. म्हाताऱ्यांची साक्ष घेणारा कोण होता, ते विचारावं.

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारनं मंदीत बेकार झालेल्या लेखकांना काम दिलं. त्यातले काही जण दक्षिणेत फिरून एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेऊन आले. २,३०० हून जास्त आठवणी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत, शेकडो फोटोंसह. वाचताना हे ध्यानात ठेवायचं की विचारणारे बहुतेक गोरे होते, काही तर जुन्या मालकांच्याच गावचे. मुलाखत देणारे ऐंशी-नव्वदीचे, उपाशी, आणि सरकारी माणूस आलाय म्हणजे पेन्शनचं काहीतरी होईल अशा आशेतले. अशी माणसं मालक चांगला होता असं म्हणतात. मग तीच माणसं दोन ओळी सोडून, सहज म्हणून, आईला कधी विकलं ते सांगतात. मुलाखतकारानं त्यांची बोली गंमत म्हणून वेडीवाकडी लिहिलीय. ती मोठ्यानं वाचली की अर्थ नीट लागतो.

९. नकाशे विमा कंपन्यांचे बघावेत.

सॅनबॉर्न कंपनीनं १८६७ पासून अमेरिकेतल्या हजारो गावांचे नकाशे केले, आगीचा विमा उतरवणाऱ्यांसाठी. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी. पाण्याची टाकी कुठं, रात्रीचा पहारेकरी आहे का, दिवे कशाचे, सगळं लिहिलेलं. टेक्सासमधल्या एखाद्या गावची जिनिंग आणि गाठी दाबायची जागा काढून बघितली तर जिनाला आग लागण्याची जी भीती जालन्यात असते, तीच तिथं रंगवलेली दिसते. गावातल्या काळ्यांच्या वस्त्या मात्र पुष्कळदा पानाबाहेर जातात. त्यांचा विमा कोण उतरवणार?

१०. स्क्रीनवर दिसतं ते सगळं अस्सल नसतं.

मिसिसिपीत व्हिक्सबर्गला वेढा पडला तेव्हा कागद संपला आणि तिथलं ‘डेली सिटिझन’ भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापलं गेलं. ४ जुलै १८६३ ला शहर पडलं, आणि जुळवून ठेवलेल्या खिळ्यांत विजयी सैनिकांनी स्वतःची चार वाक्यं घालून अंक काढला. पुढं त्याच्या आठवणीखातर इतक्या नकला निघाल्या की खरा अंक कसा ओळखावा यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसला सूचना काढाव्या लागल्या. पान उतरवून घेताना वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान आणि रकाना लगेच लिहून ठेवावा. लाइट गेली की नुसतं चित्र हाती राहतं, ते कुठलं हे कळत नाही. हाथीट्रस्टवरचं अख्खं पुस्तक कधी कधी आपल्याला उतरवता येत नाही. तेच पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर असलं तर तिथून घ्यावं.

११. शेतीखात्याची पत्रकं सोडू नयेत.

ही फार कुणी वाचत नाही आणि माझ्या मते तिथंच खरा माल आहे. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून बोंडावरचा भुंगा टेक्सासात ब्राऊन्सव्हिलला शिरला आणि पुढच्या तीस वर्षांत अमेरिकेचा सगळा कापूसपट्टा खात गेला. अलाबामातल्या एंटरप्राइझ गावानं कापूस सोडून भुईमूग धरला, पैसा आला, आणि १९१९ मध्ये त्या गावानं चौकात चक्क भुंग्याचं स्मारक उभारलं. टेक्सासातच १९०३ मध्ये टेरेल गावी सीमन नॅप यांनी शेतकऱ्याच्याच रानात प्रात्यक्षिक घ्यायची पद्धत सुरू केली. आज जालन्यात बियाणं कंपन्यांचे जे प्लॉट रस्त्याकडेला पाट्या लावून उभे असतात, त्यांची पणजी तिथली.

गुलाबी बोंडअळी मात्र आपण तिकडं पाठवली. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ चं, भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून. बियाण्यातून ती इजिप्तला गेली, तिथून मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासला. उलट दिशेनं अमेरिकन कापूस आपल्याकडं आला. १८४० मध्ये कंपनी सरकारनं दहा अमेरिकन मळेवाले पगारावर आणले होते, तो प्रयोग बहुतेक ठिकाणी फसला. आज मात्र आपल्या शेतातला जवळजवळ सगळा कापूस जातीनं अमेरिकन आहे. २००२ मध्ये परवानगी मिळालेलं बीटी बियाणंही सेंट लुइसच्या मोन्सँटोशी जोडी जमवून जालन्याच्या महिकोमार्फतच देशात आलं. अमेरिकेनं २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या देशातून संपल्याचं जाहीर केलं. आमच्या रानात कामगंध सापळे अजून लागतात.

टेक्सासनं १९१७ मध्येच अळीसाठी कायदा केला होता. ठरवलेल्या पट्ट्यात कापूस लावायचाच नाही. शेतकरी खवळले, भरपाईवरून भांडले, काहींनी तरीही लावला. ते सगळं स्थानिक वर्तमानपत्रांत आणि शेतीखात्याच्या अहवालांत आहे. आमच्याकडं दर डिसेंबरात फरतड (जुन्याच झाडांवरचा दुसरा बहर) घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा म्हणून कृषी सहायक घसा कोरडा करतात आणि शेतकरी विचारतात, दोन क्विंटल सोडायचे कशाच्या जिवावर. सध्या मी टेक्सासचे ते वाद वाचतोय. आमच्या कृषी सहायकांनी त्यांचा मराठीत दोन पानी गोषवारा मागितलाय, फरतडीच्या सभेत वाचायला.